सत्तेचाळीस पुस्तकं

निवृत्तीनंतर कारेलीबागेतल्या इंदिराबाई शिर्क्यांनी मुलाचा जुना कॅमेरा हाती घेतला आणि एक छंद लावून घेतला. वाचनालयातून संस्थानकाळातलं झाडांविषयीचं पुस्तक आणायचं. त्यातलं झाड आजच्या बडोद्यात हुडकायचं. बुंध्याशी पुस्तक उघडं ठेवून दोन्हींचा एकत्र फोटो काढायचा. कमाटीबागेतला बहावा, विश्वामित्रीकाठचा करंज. पान पिवळं, झाड हिरवं.

एका मंगळवारी वाचनालयाचे चिटणीस जयवंतराव त्यांच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले, "बाई, या कपाटातली सत्तेचाळीस पुस्तकं सोमवारी रद्दीत. कॉम्प्युटरला जागा पाहिजे ने."

"वाळवी लागलीय?"

"नाही. पण वाचतं कोण?"

"मी."

"तुम्ही कुठं वाचता? तुम्ही तर फोटो पाडता!"

टेबलाभोवतीचे सगळे हसले. इंदिराबाईंनी भिंतीवरची नियमावली वाचायला घेतली. तीस वर्षं शाळेत शिकवल्यावर माणूस फळा सोडत नाही. नववा नियम होता: सभासदाच्या घरी असलेलं पुस्तक रद्द करता येणार नाही. एका कार्डावर दोन पुस्तकं.

म्हणजे चोवीस कार्डं हवीत. एक त्यांचं स्वतःचं. उरलेली तेवीस कुठं असतील, ते त्यांना ठाऊक होतं. एके काळी बडोद्याच्या मराठी घरांत नव्या सुनेला आहेरात या वाचनालयाचं आजीव सभासदत्व द्यायची रीत होती. त्या सुना आता सत्तरीत होत्या. कार्डं कपाटात साड्यांच्या घडीखाली.

बुधवारी त्या सुभानपुऱ्यात अहल्याबाईंकडे गेल्या.

"मला मेलीला दिसत नाही धड. पुस्तक घेऊन काय करू?"

"वाचायला कोण सांगतंय? हा फोटो बघा."

अहल्याबाईंनी फोटो नाकाशी धरला. "अगं, हा तर आमच्या जुन्या घरामागचा रिठा! याच्याच फळांनी न्हायचे मी. आहे अजून?"

"आहे. पण तो ज्या पुस्तकात आहे, ते सोमवारी जाणार."

अहल्याबाई उठल्या, कार्ड काढलं आणि नणंदेला फोन लावला. "दुर्गे, तुझं कार्ड शोध. का ते मागाहून विचार."

शनिवारी वाचनालयासमोर रिक्षा थांबू लागल्या. काठ्या, गुडघ्यांचे पट्टे, घरून आणलेलं पाणी. तेवीस जणी रांगेत उभ्या राहिल्या. चोविसाव्या इंदिराबाई, सगळ्यांत शेवटी.

"हे कारस्थान आहे," जयवंतराव म्हणाले.

"आहेच," दुर्गाबाई म्हणाल्या. "शिक्का मारा."

एकेक पुस्तक पिशवीत गेलं. जयवंतरावांचा हात दुखू लागला.

"पंधरा दिवसांनी परत करावी लागतील."

"करू," इंदिराबाई म्हणाल्या. "आणि त्याच दिवशी अदलाबदल करून पुन्हा नेऊ. माझ्याकडचं अहल्याबाईंकडे, त्यांच्यातलं माझ्याकडे."

"मग मी नियमच बदलतो. वार्षिक सभेत ठराव मांडतो."

"मांडा ना. आजीव सभासदांना मत असतं. तुमच्या सभेला माणसं किती येतात, जयवंतराव?"

गेल्या सभेला नऊ जण होते, त्यांतले दोघे चहापुरते.

"आम्ही चोवीस जणी येऊ. खुर्च्या जरा पाठीच्या ठेवा."

इंदिराबाईंनी आपलं एकच, सत्तेचाळिसावं पुस्तक त्यांच्यासमोर सरकवलं आणि शिक्का उमटेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.