दोनशेच्या वेगात चुकलेला फाटा

मी एकदा मंत्र्याच्या नावानं खोटं बोलले. तेही भर सकाळी, हळदीकुंकवाला जायची साडी नेसून, कापसानं भरलेल्या शंभरेक बैलबंड्यांसमोर. वय तेव्हा एकोणपन्नास. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते, दोन मुलांची लग्नं ठरवायच्या बेतात होते, आणि एका गाडीचा काटा दोनशेवर नेल्याशिवाय मला झोप गोड लागत नव्हती.

आता नातवंडं मला स्कुटीवर मागं बसवताना म्हणतात, "आजी, घट्ट धर, पडशील." मी धरते. त्यांना काय सांगणार, की ह्या आजीनं एकेकाळी काय काय धरलं आणि काय सोडून दिलं!

गाडी माझ्या धाकट्या भावाची. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं छोटं वर्कशॉप होतं. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या यंत्रांचे रोलर घासून देणं, पट्टे बदलणं, बेअरिंग बसवणं हे त्याचं काम. पण ते कापसाचे वाईट दिवस होते. बोंडअळीनं शेतं खाल्ली, भाव पडले, एकेक जिनिंग बंद होत गेली, आणि माझ्या भावाच्या हातात वेळच वेळ आला. रिकामा माणूस पत्ते कुटतो. ह्यानं भंगारातून दोन दारांची, जमिनीला पोट टेकलेली, परदेशी बनावटीची एक स्पोर्ट्स कार उचलून आणली.

दोन वर्षं तो तिच्यामागं लागला होता. इंजिनाचे सिलिंडर रुंद करून घेतले, ट्रकचा टर्बो बसवला, मागचं बाकडं उपटून फेकलं, सायलेन्सर कापून आखूड केला. रंग मात्र जिनिंगच्या यंत्राला देतात तो हिरवाच दिला, कारण तोच डबा उरला होता. वसाहतीतली माणसं तिला बेडूक म्हणायची.

"एकशे साठ गेली ताई," तो एकदा म्हणाला. "पुढं माही हिंमत नाही."

"मग मी चालवते," मी म्हणाले.

तो हसला. मी हसले नाही. चोवीस वर्षं मी फळ्यावर वेगाची सूत्रं लिहिली होती. अमुक वेगानं आगगाडी निघते, तमुक वेगानं दगड पडतो. माझी स्वतःची लुना चाळीसच्या वर कधी गेली नव्हती, आणि चाळीसलाही ती रडायची. मला एकदा, फक्त एकदा, आपण लिहितो तो आकडा पोटात जाणवतो कसा ते बघायचं होतं. हे कारण तेव्हा मला फार उदात्त वाटायचं. आज वाटतं, बाई, तुला नुसती मिरवायची हौस होती.

दोन महिने वर्कशॉपच्या मागच्या माळावर मी शिकले. गिअर, क्लच, ब्रेक. घरी आमच्या ह्यांना सांगितलं, भावाच्या पोरांची शिकवणी घेते. भावाला पोरं दोन, एक बालवाडीत आणि दुसरं रांगत होतं. ह्यांनी विचारलंसुद्धा नाही, की बालवाडीला पदार्थविज्ञान कधीपासून लागलं.

रस्ता मिळाला तो पांढरकवड्याजवळ. नागपूर-हैदराबाद हमरस्त्याचं रुंदीकरण चालू होतं, आणि एका बाजूची नवी पट्टी तयार होऊन रहदारीची वाट बघत पडली होती. काळी, सपाट, सरळ. एकच अडचण. पट्टीला लागूनच कापसाचं खरेदी केंद्र होतं, आणि केंद्राबाहेरची बंड्यांची रांग ओसंडून त्या नव्या पट्टीवर आली होती. चार-चार, पाच-पाच दिवस माणसं रांगेत. बंडीखाली चूल, बंडीखाली अंथरूण.

संक्रांतीनंतरचा आठवडा होता. घरून निघताना मी ह्यांना सांगितलं, पांढरकवड्याला मैत्रिणीकडं हळदीकुंकू आहे. काठापदराची साडी, केसात गजरा, पर्समध्ये आदल्या दिवशी वाणात मिळालेली स्टीलची चहाची गाळणी. भावानं त्या दिवशी एअर फिल्टर काढून ठेवला होता, म्हणाला, "इंजिनाले मोकळा श्वास पाह्यजे." मी म्हणाले, "मोकळा श्वास ठीक, पण खडा गेला आत तर?" आणि आपली हुशारी दाखवायला ती गाळणी हवेच्या तोंडावर तारेनं बांधून दिली. बरोबर बसली. भाऊ म्हणाला, "वा प्राध्यापकबाई!" मी फुलले.

तिथं पोचलो तर पट्टीवर बंड्याच बंड्या. भाऊ म्हणाला, "चाल ताई वापस."

मी उतरले. चष्मा पुसला. भावाची बिलं-पावत्या ठेवायची फाइल काखेत धरली आणि रांगेपाशी जाऊन, वर्गात गोंगाट झाल्यावर लावते त्या आवाजात म्हणाले, "गाड्या खाली घ्या! मंत्रीसाहेबांचा दौरा येतो आहे. तासाभरात."

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात पाहुण्यांना तोटा नव्हता. मुंबईचे येत, दिल्लीचे येत, कॅमेरे येत. कुणी शेतात जाऊन वाळलेलं बोंड हातात धरून फोटो काढत. त्यामुळं लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला. नुसता ठेवला नाही, धावपळ केली. बैल जुंपले, बंड्या रस्त्याखालच्या पडीत शेतात उतरवल्या. एका म्हाताऱ्यानं टोपी झटकून पुन्हा घातली. केंद्राच्या बंद वजनकाट्याकडं बघत कुणीतरी म्हणालं, "आता काटा सुरू करतीन पाय." मला ते सगळं दिसत होतं, आणि मनात एकच विचार होता, की पट्टी मोकळी झाली.

मग मी बसले. भाऊ बाजूला, डोळे मीटरवर. शंभर सहज आले. एकशे चाळीसला गजरा उडाला. एकशे सत्तरला रस्ता अरुंद होत चालल्यासारखा वाटला. बंड्यांची जागा आली तेव्हा कडेला माणसं ओळीनं उभी होती, आणि त्यांनी आमच्या गाडीला हात जोडले होते. वेगात माणसाला फारसं दिसत नाही असं मी वर्गात सांगायची. ते जोडलेले हात मला दिसले. मी पाय काढला नाही.

एकशे त्र्याऐंशीला इंजिन खोकलं, गुदमरलं, आणि केंद्राच्या फाटकापुढं किलोमीटरभर जाऊन आमचा बेडूक थांबला तो थांबलाच.

भाऊ बॉनेट उघडून बसला. त्याला काही उमगेना. ढकलणार कोण? मी पायी मागं आले. पहिली भेटली ती चौथ्या बंडीवाली बाई. बैलांना कडबा टाकत होती. मी तिला मावशी म्हटलं. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल, पण साडी नेसणारीनं लुगडं नेसणारीला मावशी म्हणायचं, असाच तेव्हा माझा हिशेब.

"मावशी, गाडी बंद पडली. बैल लावून ओढून द्याल का फाटकाअलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत?"

तिनं फाटकाकडं पाहिलं. फाटक बंद होतं. "काटा अजून नाही लागला," ती म्हणाली, "चाला."

बंडी तिथंच शेतात ठेवून ती बैल घेऊन आली. दोराचा फास गाडीला घातला. मी आत बसून चाक धरलं, काच खाली केली, आणि माणसाच्या चालीनं आमची वरात निघाली. भाऊ मागून ढकलत होता. ती बैलाच्या शिंगापाशी चालता चालता माझ्याशी बोलत होती.

"पाच दिस झाले बसून. आज माहा चवथा लंबर हाये. दुपारलोक मोकयी होतो."

"घरी कुणी नाही का दुसरं?"

"मालकाचा पाय मोडला, पलास्टर हाये. अन् पोरगी आली बाळंतपनाले. पयलंच हाये. दिवस भरले तिचे. आज सांजेलोक मले घरी पोचाच लागते." तिनं गावाचं नाव सांगितलं. हमरस्त्यावरून आत तीन किलोमीटर, फाटा इथून दहा-बारा किलोमीटरवर. मग हसून म्हणाली, "माय माय करून राह्यली असन पोट्टी."

मी म्हणाले, "होईल सगळं नीट."

"अन् बाई, मंत्री कवा येते?"

"येतोय मागून," मी म्हणाले. एकदा खोटं बोललं, की दुसऱ्याला मेहनत लागत नाही.

टपरी आली तेव्हा फाटकाची कडी वाजली. काटा सुरू झाला. मंत्री-बिंत्री विसरून सगळी रांग एकदम रस्त्यावर चढली. कोण पहिला, कोण चाळिसावा, काही राहिलं नाही. नंबर म्हणजे काय, रस्त्यावरची जागा. ती मी मोडलेली होती. रांगेतले ट्रॅक्टरवाले आधी घुसले, बंड्या मागं, आणि तिची बंडी बैलांवाचून शेतात तशीच उभी. तिनं दोर सोडला आणि बैल घेऊन पळाली. पोचली तोवर तिच्यापुढं किती गाड्या होत्या, मी मोजल्या नाहीत. ती कुणाशी तरी भांडत होती. "मी चवथी होतो, इचारा सगळ्याइले!" असं ऐकू आलं. मी "अरेरे" म्हणाले. आणि चहा सांगितला.

ती भांडत असताना भावाला गुदमरण्याचं कारण सापडलं. माझी गाळणी! बंड्यांमधून उडालेला कापूस सगळ्या पट्टीवर, कडेच्या बाभळींवर लोंबत होता, आणि त्याचे तंतू ओढले जाऊन गाळणीवर पांढरी शुभ्र टिकली बसली होती. भावानं ती नखानं उचलून मला दाखवली. आम्ही इतके हसलो, की टपरीवाला बघत राहिला. गाळणी सोडली, किल्ली फिरवली, गाडी गुरगुरली.

"चाल ताई, घरी," भाऊ म्हणाला. "झालं तेवढं बस."

"घरीच जायचं ना," मी म्हणाले, "मग नव्या पट्टीवरूनच जाऊ."

बंड्यांच्या पुढं पट्टी रिकामी होती. ती बाई कुठं उभी आहे ते मी पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणजे मान मुद्दाम दुसरीकडं ठेवली. आणि दहा-बारा किलोमीटरांवर, एका फाट्याची पाटी पुढं आली त्याच क्षणी, काटा दोनशेला टेकला. भाऊ ओरडला. मीही ओरडले. पाटी वाचली, वाचून पुरती होण्याआधी ती मागं गेली. तिनं सांगितलेलंच नाव होतं.

दोनशे पोटात कसे जाणवतात म्हणाल, तर जाणवतच नाहीत. पाटी तेवढी जाणवली. नंतर, घरी आल्यावर, ह्यांनी "हळदीकुंकू कसं झालं?" विचारलं तेव्हा.

गाडीबद्दल मी पुढं कधी बोलले नाही. भावानंही वर्षभरात ती नागपूरच्या कुणाला देऊन टाकली. पण ते गाव माझ्या डोक्यातून जाईना. वर्गात वेगाचं उदाहरण घातलं की फळ्यावर तो फाटा यायचा. शेवटी परीक्षांचं काम आटोपल्यावर, उन्हाळ्यात, एसटीनं गेले. झबलं, टोपडं आणि एक दुपटं घेऊन. फाट्यावर उतरून तीन किलोमीटर चालले. उन्हात. लागू दे म्हटलं.

पाय मोडलेल्याचं घर विचारत पोचले, तर अंगणात ती पऱ्हाट्या, कापसाची वाळकी झाडं, मोडत बसली होती, चुलीसाठी. आत पाळणा हलत होता. तिनं मला ओळखलं ते त्या दिवशी भावाच्या तोंडून ऐकलेल्या गाडीच्या नावानं. "बेडकीवाली बाई!" म्हणाली आणि पाणी आणायला उठली.

नातू झाला होता. त्याच दिवशी दुपारी. तिचा कापूस मोजला गेला तिसऱ्या दिवशी, घरी पोचली ती चौथ्या दिवशी पहाटे. शेजारच्या म्हातारीनं सगळं सांभाळलं. सुखरूप झालं सगळं, पण पोरगी आईला हाका मारत होती, आणि अजून रुसलेली आहे, असं ती हसत म्हणाली. आतून पोरगी बाहेर आली नाही.

मग मी सांगितलं. सगळं. दौरा नव्हता. मंत्री नव्हता. गाडी का, कशासाठी. गाळणी. मी रडेन असं मला वाटलं होतं, आणि रडले तर ती समजूत घालील असंही, म्हणून मी रडले नाही. ती ऐकत पऱ्हाट्या मोडत होती. कट्. कट्.

"मंग लागले का दोनशे?" तिनं विचारलं.

"लागले."

"कुठीसा?"

मी हात करून दाखवलं. तुमच्या फाट्यावर.

ती थांबली. मोडलेली पऱ्हाटी तिनं ढिगावर ठेवली, हात लुगड्याला पुसले, आणि माझ्याकडं न बघता, पाळण्याकडं बघत म्हणाली:

"मंत्र्याचं खोटं बोलल्या ते जाऊ द्या बाई, आमाले त्याची सवय हाये. पन तुमचा भाऊ घडीभर माह्या बैलापाशी बसला असता, तं गाडीत त्याच्या जागी बसून मी घरी जाऊन आली असती ना."