तांडेल अजून विहिरीत आहे

बिर्गिटवहिनींचा फोन आला तेव्हा मी एल्बे नदीवरच्या फेरीबोटीत उभा होतो आणि एका माणसाला विहिरीतून बाहेर कसं काढावं या विवंचनेत होतो. माणूस खरा नव्हे. केशव तांडेल हा एका मराठी रहस्यमालिकेचा नायक; कोकणातल्या एका चिमुकल्या बंदरात बोटी धक्क्याला लावून देणारा आणि उरल्या वेळात खुनी शोधणारा. आदल्या शनिवारी मी त्याला विहिरीत उतरवलं होतं, वर दोर कापणारा एक हात दाखवला होता आणि 'बाकीचं पुढच्या शनिवारी' म्हणून उठलो होतो. ऐकणारा होता माझा चाळीस वर्षांपासूनचा मित्र यशवंत करंबेळकर. त्याचे डोळे गेले होते, म्हणून दर शनिवारी नदी ओलांडून मी त्याला तांडेल सांगायला जायचो. "भावजी," वहिनी त्यांच्या जर्मन वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "आता घाई करू नका. यशवंत सकाळी गेला. चहा प्यायला, खुर्चीत बसला आणि गेला." आणि मग, "तुम्ही बोटीत आहात ना? नीट उतरा." ...नवरा गेलेली बाई मला नीट उतरायला सांगत होती. मी नीट उतरलो. पाऊस नव्हता. हॅम्बर्गमध्ये असा दिवस इतका दुर्मीळ की लोक काळजीने एकमेकांना फोन करून विचारतात, तुमच्याकडे तरी पडतोय का.

त्याला आता अडीच महिने होतील. रडून झालं आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही.

यशवंत जहाजांच्या इंजिनांचा माणूस. ऐन पंचविशीत इथल्या गोदीत दुरुस्तीच्या कामाला लागला आणि रिटायर होईपर्यंत तिथेच राहिला. इंजिनाला कान लावून तो बिघाड सांगायचा हे सगळेच सांगतील. मी त्याला त्याच कानाने जहाजावरच्या आचाऱ्याचं आणि कप्तानाचं भांडण कशावरून झालं हेही सांगताना ऐकलंय. यात थोडं मीठ मी घातलं असेल, पण पदार्थ त्याचाच. गोदीत त्यांची एक शिस्त होती. काम अर्धवट असताना शिफ्ट संपली तर त्या यंत्राला पिवळ्या पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्याने बांधायची आणि तिच्यावर तीन गोष्टी लिहायच्या: कुणी सोडलं, कुठे सोडलं, का सोडलं. म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस आंधळ्यासारखा चाचपडत नाही. यशवंताला ही शिस्त इतकी आवडली की त्याने ती घरी आणली. वहिनींच्या अर्धवट विणलेल्या स्वेटरला एकदा त्याने चिठ्ठी बांधली होती. वहिनींनी ती उलटवून मागे लिहिलं, 'बिर्गिट. कोपरापाशी. नवरा फार बोलतो.'

तांडेल मालिका त्याला पुण्याची भाची पाठवायची. जर्मनीत मराठी पुस्तक म्हणजे वाळवंटात सोलकढी. तेव्हा एक भाग आला की यशवंत वाचायचा, मग मी, मग तो पोस्टाने कोलोनला, तिथून ड्रेस्डेनला आणि वर्षभराने हळदीचे, कॉफीचे डाग घेऊन परत हॅम्बर्गला. नियम एकच. पुस्तक अर्धवट सोडायला पूर्ण मुभा, पण सोडाल त्या पानाला पिवळी चिठ्ठी बांधायची. कुणी, कुठे, का. त्या चिठ्ठ्या वाचण्यासाठी मी मूळ पुस्तकापेक्षा जास्त आतुर असायचो. ड्रेस्डेनच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यातल्या एका इंजिनिअरने लिहिलं होतं, 'भाग तिसरा, पान नव्वद. खुनी मला कळला. लेखकाला कळेपर्यंत थांबायला वेळ नाही.' त्याच्या बायकोने, 'भाग पाचवा, पहिलं पान. यात मांजर मरतं असं बहिणीने सांगितलं. मी आधीच थांबते.' मालिकेत गोदाक्का नावाची तांडेलची एक विधवा वहिनी होती. ती माशाचं सार वाढता वाढता असं एखादं वाक्य बोलायची की तिथेच खून उलगडायचा. आठव्या भागात लेखकाने तिला मुलाकडे मुंबईला धाडलं आणि काय सांगू, त्या वर्षी पोस्टाने जेवढ्या पिवळ्या चिठ्ठ्या आल्या तेवढी पानं शरद ऋतूत इथल्या झाडांवरून गळत नाहीत. फक्त कोलोनच्या कुलकर्णीकाकू टिकल्या. नव्वदीच्या घरात, नाकावर दोन चष्मे. त्यांची चिठ्ठी दर भागाच्या शेवटच्या पानाला: 'पुरा वाचला. आवडला नाही. पण गोदाक्का परत आली आणि घरी कुणीच नसलं तर?'

यशवंत ही चिठ्ठी येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवायचा. "बघ बापू," तो म्हणायचा, "माणसं मालिका गोष्टीसाठी धरत नाहीत, शेजारासाठी धरतात. गोष्ट फसली तर एकवेळ चालतं. शेजारी बदलले की माणूस घर सोडतो."

"आणि तू कशाला धरून बसलायस?"

"मी भाडं आगाऊ भरलंय."

आता माझं सांगतो. सातव्या भागात, पान एक्केचाळीसवर, तांडेलला आपलं बालपण आठवायला लागलं. आठवता आठवता मला झोप लागली. उठलो, हातपाय धुतले, चहा केला, परत पुस्तक उघडलं, तरी तो अजून लहानच. मी फेरीचं तिकीट खुणेला ठेवून पुस्तक मिटलं. चिठ्ठी बांधायची, विषय संपला असता. पण त्याच रविवारी मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी विचारलं, सातवा कसा आहे, आणि माझ्या तोंडाला गप्प बसायची सवय नाही. मी म्हणालो, अप्रतिम, शेवटी तर अंगावर काटा येतो. यशवंत शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "हो?" एवढंच. त्यानंतर आठवा, नववा, दहावा, अकरावा, सगळे माझ्या घरी आले, उशाशी झोपले आणि न उघडता पुढे गेले. मी प्रत्येकाची तारीफ केली. एकदा सुरू झालेली तारीफ मध्येच थांबवायला कारण लागतं आणि कारण द्यायचं तर चिठ्ठी लिहावी लागते.

बारावा भाग आला तोवर यशवंताच्या डोळ्यांच्या मधोमध काळा ठिपका वाढला होता. डॉक्टर म्हणाले, कडेकडेचं दिसेल, अक्षर नाही. तो पुस्तक माझ्या हातात देत म्हणाला, "तू वाच आणि मला सांग. वाचून दाखवू नकोस, तुझा आवाज कीर्तनकारासारखा आहे, झोप येते. सांग." पाच भाग न वाचलेल्या माणसाला बारावा कसा कळणार? पहिल्याच पानावर अकरा माणसं भेटली आणि त्यातली नऊ मला ओळख दाखवत होती. मी पुस्तक ठेवून दिलं आणि शनिवारी कॉफी, सफरचंदाचा केक आणि वहिनींनी स्वतः फोडणी दिलेला चिवडा समोर ठेवून माझा बारावा भाग सांगितला. पार मनाचा. त्यात एक पाणबुडी आणली, एक बहिरा सावकार आणला. घरी परतताना बोटीत मी हिशेब मांडत बसलो. हा माणूस भाचीला फोन करेल, कोलोनला विचारेल, आणि माझी चाळीस वर्षांची मैत्री एका बहिऱ्या सावकारापायी बुडेल. मला काळजी होती ती एवढीच, आणि ती पुढे सगळे शनिवार माझ्याबरोबर बोटीत बसून आली. पण पुढच्या शनिवारी यशवंत म्हणाला, "सावकार बरा होता. परत येतो का?"

मग काय, सुटलोच. अठरा भागांपर्यंत असं चाललं. त्यानंतर यशवंत म्हणाला, भाचीला आता वेळ होत नाही, तू हिवाळ्यात पुण्याला जातोस तेव्हा नवे भाग घेऊन येत जा. मी जायचो, लग्नं जेवायचो, डॉक्टरला दात दाखवून यायचो, पण पुस्तकाच्या दुकानाची पायरी चढलो नाही. नाहीतरी उघडणार नव्हतो, उगाच सामानाचं वजन. मात्र पानं उलटल्याचा आवाज हवा, म्हणून आमच्या घरच्या हाइत्सुंगचं, म्हणजे घर तापवायच्या यंत्राचं, जाडजूड माहितीपुस्तक पिशवीत घालून न्यायचो. एकोणिसावा भाग सांगताना यशवंताने हात पुढे केला, पुस्तक मांडीवर घेतलं, पानावरून अंगठा फिरवला.

"कागद चांगला वापरलाय या वेळी," तो म्हणाला.

"प्रकाशकाचे दिवस बरे आलेत," मी म्हणालो.

"गेनाऊ," स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या. त्या कशाला होकार देत होत्या हे मला तेव्हा कळलं नाही.

विसाव्या भागात मी गोदाक्काला मुंबईहून परत आणलं. कुणी सांगितलं नव्हतं. मलाच तिच्याशिवाय खून उलगडेना. ती एसटीतून उतरली, पदर खोचला, चुलीपाशी गेली आणि पहिलं वाक्य बोलली, "माझी साराची परळ कुणी हलवली?" यशवंत इतका हसला की कॉफी सांडली. मग खिडकीकडे तोंड करून बसला... कडेकडेचंही आता गेल्याने त्याला खिडकी दिसत नव्हती, पण तिथूनच बोटींचे भोंगे यायचे. त्या दिवशी मी ठरवलं होतं की त्याला खरं सांगून टाकायचं. केक खाऊन झाल्यावर सांगतो, चिवडा संपल्यावर सांगतो असं करत बोटीची वेळ झाली. पुढेही ती नेहमी ऐन वेळी व्हायची. इथल्या फेऱ्या फार वक्तशीर.

तो गेल्यावर महिन्याभराने वहिनींनी बोलावलं. "भावजी, केलरमधून पुस्तकं वर आणायला मदत करा." डोळे गेल्यावर त्याने पुस्तकांचं कपाट खाली तळघरात हलवलं होतं, मी तिथे कधी उतरलो नव्हतो. दिवा लावला. तांडेलचे अठरा भाग ओळीने उभे, सगळ्यांतून पिवळ्या चिठ्ठ्यांची टोकं बाहेर आलेली, जणू जिभा दाखवतायत. सातवा भाग मी चोरासारखा आधी काढला. एक्केचाळीसाव्या पानावर माझं त्या काळचं फेरीचं तिकीट जसंच्या तसं होतं आणि त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, यशवंताच्या अक्षरात, म्हणजे डोळे शाबूत असतानाची. 'कुणी: बापू. कुठे: इथे. का: विचारू नये. कधीतरी सांगेल.'

मी तिथल्या बटाट्यांच्या पेटीवर बसलो. वहिनींनी अठरावा भाग हातात दिला. तो मीच कधीतरी घरी नेऊन, न उघडता परत केला होता. शेवटच्या पानावर लेखकाने वाचकांचा निरोप घेतला होता. तांडेलची ही अखेरची कथा, लोभ असावा, समाप्त. मालिका अठरा भागांचीच होती. खाली चिठ्ठी, पण ही वहिनींच्या हातची. यशवंताने सांगितलेलं मराठी त्यांनी जर्मन अक्षरांत उतरवलेलं. एकेका 'च'साठी त्यांनी चार-चार अक्षरं खर्ची घातली होती, त्यामुळे मला ते मोठ्याने वाचावं लागलं, तेव्हा कुठे कळलं: 'मालिका संपली. भाचीने फोनवर सांगितलं. बापूला माहीत नाही. सांगायचं नाही.'

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच लिहिलंय ना," वहिनी म्हणाल्या. "आणि भावजी, आमच्याकडे पण तीच हाइत्सुंग आहे. तेच पुस्तक."

अठराव्या भागाच्या पलीकडे कपाट रिकामं नव्हतं. तिथे सहा लाकडी फळ्या उभ्या होत्या, अगदी पुस्तकाच्या उंचीच्या, तेवढ्याच जाड, कडा घासून लोण्यासारख्या केलेल्या. दिसत नसलेल्या माणसाने नुसत्या बोटांनी मापं घेऊन केल्या होत्या. दर फळीला एक चिठ्ठी. 'भाग एकोणिसावा. सांगणारा: बापू. पुरा ऐकला. हाइत्सुंगचा वास येतो.' 'भाग विसावा. पुरा ऐकला. गोदाक्का परत आली. कोलोनला कळवावं.' आणि खरंच कळवलं होतं. कुलकर्णीकाकूंचं उत्तर फळीच्या मागे चिकटवलेलं होतं, 'घरी होते म्हणून बरं झालं.' एकविसाव्यावर, 'मांजर मेलं.' बाविसाव्यावर, 'तेच मांजर दूध प्यायलं. चालेल.' मी हसत होतो की काय करत होतो ते वहिनींना विचारा, त्या खोटं बोलत नाहीत.

शेवटची फळी चोविसावी. तिची एकच बाजू घासलेली होती, दुसरी खरखरीत. चिठ्ठी मात्र बांधलेली. मी त्या शेवटच्या शनिवारी उठून गेल्यावर, संध्याकाळी जेवणाआधी त्याने लिहवून घेतली असं वहिनी म्हणाल्या. त्याला काही कळलं होतं का, हे मी विचारलं नाही.

'कुणी: यशवंत. कुठे: तांडेल विहिरीत उतरला तिथे. का: शिफ्ट संपली.'

ती फळी आता माझ्या घरी, हाइत्सुंगच्या पुस्तकाशेजारी आहे. खरखरीत बाजू मी घासत बसलोय, वाईट घासतो. सातवा भागही आणलाय; पान सत्तरवर आलो, तांडेल अजून नववीत आहे. शनिवारची फेरी चुकत नाही. वहिनी केक करतात, चिवडा करतात, समोर बसतात आणि विचारतात, "मग, भावजी? कसा निघतो तो बाहेर?" मी सांगतो, अजून नाही ठरलं. घाई नाही. पाणी कमरेइतकंच आहे, गोदाक्काने वरून भाकरी सोडलीय आणि त्याच्या टोपीत मी दोन कोरड्या विड्या ठेवल्यात.