सक्तीचे सर

सक्तीचे सर चिडले की आवाज चढवायचे नाहीत, उलट खाली आणायचे. मग शेवटच्या बाकापर्यंत सगळे गप्प, कारण त्या आवाजात सांगितलेलं हमखास परीक्षेत यायचं. मला तसं चिडणं कधी जमलं नाही. त्यांच्याबद्दल लिहायला बसलोय आणि आत्ताही डोकं तापलेलंच आहे.

आमचं नाशकातलं कॉलेज ख्रिस्ती संस्थेचं. बी.कॉम. करा की बी.एस्सी., तत्त्वज्ञान, संगीत, धर्मपरिचय हे विषय सगळ्यांना सक्तीचे. त्यात पास झाल्याशिवाय पदवी नाही. धर्मपरिचय शिकवायचे म्हणून ते सक्तीचे सर. ‘हिशेब शिकायला आलो, इथे देव कशाला?’ असं आम्ही कॉमर्सवाले कुरकुरायचो. सर म्हणायचे, “देव राहू दे. शेजारच्या बाकावर कोण बसतं, ते तरी माहीत आहे का?”

सर स्वतः ख्रिस्ती, नगरकडचे. पण ‘बायबल वाचा’ असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. कुणी मार्कांसाठी येशूबद्दल गोड गोड लिहिलं की वही परत यायची. “मला लोणी लावू नकोस, मी पाव नाही.”

त्यांच्या पेपरचे निम्मे मार्क एका जेवणाचे होते. ज्या घरी आपल्या घरातलं कुणी कधी जेवलं नाही, तिथे जाऊन जेवायचं आणि दोन पानं लिहायची. “काय जेवलात ते नको, कसे बसलात ते लिहा,” असं ते बजावायचे.

मी प्रशिकचं घर निवडलं. तो माझ्याच बाकावर बसायचा, बौद्ध, वडील सातपूरच्या कारखान्यात फिटर, घरही तिथेच. रविवार ठरला. घरी सांगितलं तर आई म्हणाली, “त्यापेक्षा हॉटेलात जेवा की दोघं.” वडील पेपर वाचत राहिले. मी गेलो नाही. प्रशिकला कळवलंही नाही. गंगापूर रोडच्या आमच्या घरी, माझ्या खोलीत बसून दोन पानं मनाने लिहून काढली.

सरांनी मला प्रशिकसमोर उभं केलं आणि माझंच वाक्य वाचलं. “‘प्रशिकच्या आईने आधी देवाला नैवेद्य दाखवला, मग मला वाढलं.’ कुठल्या देवाला रे?”

सरांचा आवाज खाली आला. “तो नैवेद्य तुझ्या घरचा आहे. त्यांच्या घरी दाखवत नाहीत.” मग प्रशिककडे वळले. “हा आला होता?”

“आला होता, सर,” प्रशिक म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

सरांनी मला शून्य दिलं. पदवी अडकली आणि ठरलेली नोकरी गेली. चूक कबूल करायची सोडून मी रागाने धुमसत राहिलो, जणू अन्याय माझ्यावर झाला होता! वडिलांनी आणखी पालक गोळा केले. अर्ज गेला, त्यात आरोप असा की ख्रिस्ती कॉलेजात सक्तीने मुलं बाटवतात. कुणाच्या घरी कोण जेवायला जाणार होतं, याचा अर्जात एका शब्दाने उल्लेख नव्हता. खाली माझी सही होती. मी केली, कुणी हात धरला नव्हता.

कॉलेज घाबरलं. ज्या संस्थेने हे विषय सक्तीचे केले, तिनेच सरांकडून पेपर काढून घेतला. आता त्या जागी ‘मूल्यशिक्षण’ आहे. मोबाईलवर प्रश्न येतात, बरोबर पर्यायावर बोट ठेवायचं. मी ती परीक्षा चहा पिता पिता पास झालो. बंधुभावाला पैकीच्या पैकी मार्क! आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सर नोकरी सोडून निघाले, त्या दिवशी मी त्यांना फाटकाशी गाठलं. म्हणालो, “सर, चुकलो. माफ करा.”

“माझी कसली माफी मागतोस?” सर पहिल्यांदाच ओरडले. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. “मी गेलो होतो प्रशिकच्या घरी. त्या माउलीने दुपारी चारपर्यंत तुझं ताट झाकून ठेवलं होतं. तिने मला काय विचारलं माहीत आहे? ‘पोरगं लय आजारी तर नाय ना, सर?’”

पिशवी उचलून ते रिक्षात बसले. पुन्हा भेटले नाहीत. गेल्या वर्षी नगरला वारल्याचं कळलं.

सातपूर माझ्या घरापासून गाडीवर वीस मिनिटं आहे. मी अजून गेलेलो नाही.