कंधारचा थिजलेला लाव्हा आणि राधामावशींच्या खुंट्या

"आई, ज्वालामुखी बघायला येतेस?" लेकीचा फोन आला तेव्हा मी लातुरात कढईत चुरमुऱ्यांचा सुशीला परतत होते. "कुठं?" तर म्हणे, कंधारला! मी हसतच सुटले. श्रुती नांदेडला भूगर्भशास्त्र शिकते. तिला दोन दिवस शेतात सोबत हवी होती, एवढंच खरं. तरी मी गॅस बंद करून पिशवी भरायला घेतली.

सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिडकीची जागा जास्तच गोड लागते. अहमदपूरला गाडी बदलावी लागते. तिथली भजी गरम असतात, चहा मात्र नुसता पाक. कंधारला जाल तर किल्ल्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. श्रुती नांदेडहून यंत्र घेऊन स्टँडवर आली होती; आम्हाला तो लांबूनच दिसला.

श्रुतीनं मोजणीसाठी निवडलेलं राधामावशींचं शेत गावाबाहेर. मावशी पन्नाशीच्या, तोंडानं फटकळ आणि मनानं लोणी. श्रुतीनं त्यांच्या शेतात ओळीनं काड्या रोवल्या, त्यांना लाल चिंध्या बांधल्या आणि प्रत्येकीपाशी चुंबकत्व मोजायचं यंत्र धरलं.

"हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, मावशी. थंड होताना त्यानं तेव्हाच्या उत्तर-दक्षिणेची खूण धरून ठेवली. जिवंत ज्वालामुखीत खडक तापला की चुंबकत्व उतरतं, जमिनीतली वीजही बदलते. यंत्राला ते कळतं."

"मंग हे निजलंय म्हण की. जागं न्हाई ना व्हणार?"

"नाही हो!"

मुक्काम मावशींकडेच होता. ज्वारीची भाकरी आणि ठेचा असा हाणला की बोलायची सोय राहिली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा मोजायचं होतं, पहिले आकडे खरे ठरवायला. यंत्र संध्याकाळी नांदेडला परत द्यायचं होतं. नाही जमलं तर प्रबंध वर्षभर लांबणार.

सकाळी काड्या ताठ उभ्या होत्या, आकडे मात्र वेडेवाकडे. पहिल्या काडीपाशी, दुसऱ्या काडीपाशी, सगळीकडे तेच. श्रुती मटकन बांधावर बसली. "यंत्र तरी बिघडलंय, नाहीतर कालचं सगळं खोटं." काहीतरी करायचं म्हणून मी एक काडी ओढली. निघेना.

"निघायची न्हाई ती," मावशी कौतुकानं म्हणाल्या. "शेळ्यांनी पाडल्या व्हत्या. म्हणून खाली बैलांच्या लोखंडाच्या खुंट्या ठोकल्या, वर माती लोटली, काड्या बांधल्या. लई मेहनत करून राहिली ना पोरगी."

"आणि बैल?" मी विचारलं.

"लिंबाला बांधले."

श्रुतीनं कपाळावर हात मारला आणि लोखंडानं यंत्र कसं फसतं ते सांगितलं. मावशींचा चेहरा पडला. "म्या पोरीचं वाटोळं केलं गं," म्हणत त्यांनी पदर खोचला आणि एकेक खुंटी स्वतः उपटली, पार लांब नेऊन टाकली. काडी पुन्हा नेमकी त्याच भोकात रोवली. मग थबकल्या, बांगडीतल्या पिनांचा झुबका काढला आणि माझ्या हातात दिला. "हेबी लोखंडच की. तू बांधाच्या पल्याड जा!" मी पिना मुठीत धरून गेले. चारच्या आत कालचे आकडे एकेक करून जुळले. श्रुतीनं मावशींना मिठीच मारली, आणि मला लांबूनच रडू आलं.

पिना माझ्या पर्समध्ये लातूरला आल्या. त्या पोचवायला जायचंय, कारण प्रबंधही जमा झालाय. बिघडलेले आकडे श्रुतीनं फेकले नाहीत, प्रबंधाच्या शेवटी वेगळे छापलेत. बदलाचं कारण म्हणून तिथं लिहिलंय : राधामावशींच्या खुंट्या, बैल लिंबाला.