क्रोएशियन नाटककारावर जळण्याचे दिवस

मला हेवा करायला मनापासून आवडतं. लोक उगाच लपवतात. मी तो ताटात वाढून घेते आणि चवीने खाते. त्यामुळे आयर्लंडमधल्या गॉलवेच्या आमच्या कारखान्यात, जिथे हृदयात घालायच्या बारीक नळ्या तयार होतात, मला एक खराखुरा नाटककार भेटला तेव्हा माझी चंगळच झाली.

२०२० चा हिवाळा होता. कॅन्टीनमध्ये कोविडमुळे एका टेबलाला एकच माणूस बसायचा. पलीकडच्या टेबलावर एक उंच क्रोएशियन गृहस्थ जेवता जेवता वहीत काहीतरी लिहीत असे. तो दिवसभर सूक्ष्मदर्शकातून नळ्यांची टोकं तपासायचा आणि त्याने तपासलेली मी पुन्हा तपासायची. एकदा मी लांबूनच विचारलं, "वाणसामानाची यादी का?"

"नाटक," तो म्हणाला. "बारावं."

"अरे वा! मीही लिहिते. आमच्या महाराष्ट्र मंडळासाठी. गेली अकरा वर्षं."

"ग्रँड," म्हणाला आणि पुन्हा वहीत गेला. इथे साध्या 'बरं, ठीक'लाही ग्रँडच म्हणतात, आणि तीन वर्षांत त्याने हा शब्द अगदी इथल्या माणसासारखा उचलला होता. मी त्यावरही जळले.

घरी येऊन त्याला इंटरनेटवर शोधलं. दोन कवितासंग्रह. लाल मखमली खुर्च्यांची नाट्यगृहं. एका फोटोत तर सगळे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवताहेत. माझ्या नाटकाला प्रेक्षक उभे राहतात ते जेवणाची रांग लागली म्हणून.

चूक माझीच. हे सगळं मी नवऱ्याला दाखवलं.

"अगं, मग गुढीपाडव्याला याचंच नाटक करूया की! ऑनलाइनच तर करायचंय," तो म्हणाला आणि वर उत्साहाने मंडळाच्या अध्यक्षांना फोनही लावला. संध्याकाळी अध्यक्षांचा मला फोन. "वहिनी, यंदा जरा वेगळं करू. तुमचं काय, दर वर्षी असतंच."

दर वर्षी असतंच! कारखान्यात मी टोपी आणि मास्कमधले दोन डोळे. मुलं माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देतात. "आपल्या लेखिकाबाई" म्हणून मला जगात एकाच ठिकाणी ओळखत होते, आणि ती जागा आता त्या उंच माणसाला चालली होती.

भाषांतर मी करते म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं, काय मोठं मन! मन कसलं? मला नाटक हातात हवं होतं.

त्याच्या एका जुन्या नाटकाचा, त्याच्या मुलीने केलेला इंग्रजी मसुदा त्याने मला दिला. बेटावर एकटी राहणारी आई. मुलगा कामासाठी परदेशी. वाऱ्यामुळे बोटी बंद. आई दर रविवारी फोनवर विचारते, काय जेवलास? तो सांगतो, मासे. खरं तर त्याने पाव खाल्लेला असतो. आणि मग कंसात, शांतता. पुढच्या पानावर पुन्हा शांतता. माझ्या नाटकात शांतता पडली की समजायचं, कुणीतरी वाक्य विसरलंय.

वाईट हे की नाटक फार चांगलं होतं. वर्षभर आमच्यातलं कुणी भारतात जाऊ शकलं नव्हतं, आणि हे आपल्याला सुचायला हवं होतं असं पानोपानी वाटत होतं. म्हणून चौदाव्या पानावर, त्याच्या सर्वांत लांब शांततेत, मी आईच्या तोंडी माझं एक वाक्य घातलं: "मासे? मग काटे कोण काढून देतं रे तुला?" एक तरी हशा माझा हवा होता.

तालमीला कार्यकारिणीचे दहाजण पडद्यावर होते. मुलाचं काम नवरा करत होता, आईचं माझी एक मैत्रीण. मराठीचं अक्षर न कळणारा नाटककार इंग्रजी मसुदा समोर धरून शेवटपर्यंत बसून होता. मग सगळे गेल्यावर मला म्हणाला, "चौदाव्या पानावर सहाजण हसले."

"तुला कसं कळलं?"

"मी नटांकडे बघतच नव्हतो. मी बघणाऱ्यांचे चौकोन बघत होतो. तिथे हसण्यासारखं मी काहीही लिहिलेलं नाही."

मी कबूल केलं. वाक्याचा अर्थ सांगितला. आता हा नाटक परत मागणार, असं मनात येऊन थोडी आशाही वाटली. त्याने चष्मा काढला आणि पुसत बसला.

"राहू दे ते," चष्मा पुन्हा चढवत म्हणाला. "नऊ वर्षं त्या जागी काहीतरी शोधत होतो. सापडेना म्हणून शांतता ठेवली. कार्यक्रमपत्रिकेत लेखिका म्हणून तुझंही नाव घालायला सांगतो."

नऊ वर्षं! मला ते कुकरच्या तीन शिट्ट्यांत सुचलं होतं. पण मी काय म्हणावं? "छे छे, भाषांतरात एवढं चालतंच." मला वाटलं, लोक आपणहून ओळखतील. अकरा वर्षं माझी वाक्यं ऐकताहेत.

पाडव्याला सत्तर घरं जोडली गेली. त्याच्यासारखीच मी नटांकडे न बघता चौकोन बघत होते. चौदावं पान आलं. मैत्रिणीने वाक्य टाकलं. सगळे हसले, आणि हसता हसता एकेक चेहरा बदलला. एका चौकोनात तर भारतातून आलेल्या आणि इथेच अडकलेल्या आजी पदर तोंडाला लावून उठून गेल्या.

नाटक संपताच अध्यक्षांनी माइक चालू केला. "ते काट्यांचं वाक्य! काय लिहिलंय या माणसाने! वहिनी, राग मानू नका, पण आपल्याकडे कुणाला सुचलंच नसतं."

कुणीतरी हे नाटककाराला इंग्रजीत सांगितलं. तो सरळ बसला आणि अगदी स्पष्ट म्हणाला, "ते वाक्य माझं नाही. तिचं आहे. पूर्ण तिचं."

मी केस सारखे केले.

"बघा!" अध्यक्षांनी हात जोडले. "याला म्हणतात मोठा माणूस! स्वतःचं उत्तम वाक्य भाषांतर करणारीला देऊन टाकतो!"

नाटककार हात हलवून नाही नाही म्हणत राहिला, तसे लोक आणखीच भारावले. शेजारच्या खोलीतून नवऱ्याचा मेसेज आला: "मी सांगू का?"

"खबरदार," मी लिहिलं. आता सांगितलं असतं तर सत्तर घरांत मीच हावरट ठरले असते.

तेवढ्यात माझी मैत्रीण, जी अकरा वर्षं माझ्या नाटकांत नाचली, गायली, पडली, ती उभी राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लागली. मग एकेका चौकोनात माणसं उभी राहिली. जेवण ज्याच्या त्याच्या घरी होतं, त्यामुळे रांगेचा प्रश्नच नव्हता.

मीही उभी राहून टाळ्या वाजवल्या. कॅमेरा चालू होता.