पाहुण्यांचा परिचय

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे? — ठाऊक नाही. पण तोंड उघडलं आहे, तर आता मिटणार नाही.

आधी थोडं आमच्या जेवणाबद्दल. (बघा, लगेच दुसरीकडे वळले. असंच होतं माझं.) विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या गावी महिन्यातून एकदा सगळ्यांचं मिळून जेवण असायचं आणि जेवणाआधी कुणीतरी पाहुणा चार शब्द सांगायचा. पोस्टमास्तर, वैद्य, एकदा तर रेल्वेचा गार्डसुद्धा. त्या गावातून पुण्यात आलेली आम्ही तीसेक घरं. वाघोलीला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही तोच प्रकार सुरू केला. महिन्याचा दुसरा शनिवार, प्रत्येक घरून एक पदार्थ, अर्धा तास भाषण. गावचा एक नियमही तसाच ठेवला — पाहुण्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय कुणी ताटाला हात लावायचा नाही.

पाहुण्यांचा परिचय मी करून द्यायची. मी शाळेत मराठी शिकवते, शब्दांना तोटा नाही. लोक म्हणायचे, भाषण एक वेळ चुकलं तरी चालेल, मॅडमचा परिचय चुकवायचा नाही. हे मला आवडायचं. फार आवडायचं. पाहुण्याला जरा हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, तर कुणाचं काय जातं?

काय जातं, तेच सांगते आहे.

देवरावजी आमच्याच गावचे. निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला आले होते, माझ्या समोरच्या इमारतीत. सोसायटीतल्या बायकांना ते गच्चीवर शिकवायचे — कुंडीत माती कशी भरायची, मेथी कशी लावायची. एका शनिवारी त्यांनाच पाहुणे म्हणून बोलवायचं ठरलं. मी माहिती मागितली, तर त्यांनी वहीच्या पानावर तीन ओळी लिहून त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. कृषी महाविद्यालयाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत एकतीस वर्षे परिचर. शिक्षण दहावी. मातीशी थोडी ओळख आहे.

मी वैतागले. आदल्या महिन्याचे पाहुणे मोठे अधिकारी होते, माझ्या परिचयाला टाळ्या पडल्या होत्या. आता बाटल्या धुणाऱ्या, नमुने उचलणाऱ्या माणसाबद्दल काय बोलायचं? — हो, असंच आलं होतं मनात, याच शब्दांत. मग मी कागद घेतला आणि लिहिलं, ज्येष्ठ मृदाशास्त्रज्ञ. एकतीस वर्षांचं संशोधन. शेकडो शेतकऱ्यांचे मार्गदर्शक. दहावी गाळली. त्यांना विचारलं नाही. विचारायला हवं, असं वाटलंसुद्धा नाही.

मी ते हॉलमध्ये वाचत होते, तेव्हा देवरावजी खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांनी हातानं नाही-नाही केलं. मी हसून त्यांना खाली बसवलं. बोलायला उभे राहिल्यावर त्यांचं पहिलंच वाक्य होतं, “ताईनं लयच सांगितलं जी, मी तेवढा मोठा नाही.” लोक कौतुकानं हसले. सगळ्यांना तो विनय वाटला. तो विनय नव्हता, हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं.

बोलले मात्र सुंदर. तीन पिशव्यांतून माती आणली होती — गावची काळी, इथली मुरमाड आणि समोरच्या बांधकामावरची. प्रत्येकाला चिमूट चिमूट देऊन बोटांत चोळायला लावली. कंपनीच्या बसनं नुकती घरी आलेली, गळ्यात ओळखपत्र लटकलेली पोरंही माती हुंगून बघत होती.

मग प्रश्न विचारायची वेळ झाली. एका घरी पाहुणे आलेले निवृत्त प्राध्यापक उठले. त्याच महाविद्यालयात शिकवलेले. अगदी थंडपणे म्हणाले, या नावाचे शास्त्रज्ञ आमच्याकडे होते, असं मला आठवत नाही. देवरावजी लगेच म्हणाले, “मी परिचर होतो सर. तुमच्या हातात नमुने मीच देत होतो.” प्राध्यापकांनी त्यांना नीट निरखलं आणि विचारलं, “मग इथं शास्त्रज्ञ म्हणून मिरवायचं कारण?”

माईक माझ्या एका हातात होता, दुसऱ्यात तो कागद. देवरावजींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — आता ताई सांगेल, म्हणून पाहिलं.

आणि ताईनं सांगितलं. “आमच्याकडे जी माहिती पाठवली गेली, तीच आम्ही वाचली.”

हे वाक्य माझं. ते ऐकून मीच दचकले. कुणी बोललं हे? आवाज जराही कापला नव्हता — वर्गात हजेरी घ्यावी तसा स्वच्छ, शुद्ध मराठीत. घाबरून तोंडातून निघून गेलं म्हणावं, तर तेही खोटं. ‘पाठवली गेली’. कुणी पाठवली, ते न सांगता सगळं त्यांच्या माथी मारणारी रचना मी उभ्या उभ्या केली होती. आपण असे आहोत, हे माणसाला पन्नाशीनंतर असं भर हॉलमध्ये कळतं?

देवरावजी प्राध्यापकांकडे वळले. मग म्हणाले, “चूक माहीच हाय जी. माफी करा.”

पुढं जेवण. त्यांच्या सुनेनं गोळाभात केला होता, आमच्याकडचा बेसनाचे गोळे घातलेला भात. ती फोडणीच्या तेलाची वाटी घेऊन त्यांच्यापाशी आली, तर ते म्हणाले, “आज उपास हाय माहा.” शनिवारचा उपास ते कधीच धरत नसत. सुनेला ते माहीत होतं, ती वाटी हातात धरून तशीच उभी राहिली. आपण घास घेतला नाही, तर लोक अडतील, हेही त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी घोटभर पाणी घेतलं आणि सगळ्यांना जेवायला सांगितलं. सगळे जेवून उठेपर्यंत ते रिकाम्या ताटासमोर बसून होते. मी जेवले. गोळाभात दोनदा घेतला.

नंतर गच्चीवरचे धडे बंद पडले. बायका म्हणाल्या, खोटं बोलणाऱ्याकडून काय शिकायचं? गेटजवळच्या बाकावर बसणाऱ्यांनी त्यांचं नाव ‘शास्त्रज्ञ’ पाडलं. “काय शास्त्रज्ञ, आज कोणता शोध?” एकदा मी तिथून जात होते. सगळे हसले — आणि मीही हसले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी तो वहीच्या पानाचा फोटो मोबाइलमधून काढून टाकला होता. सुटले, असं वाटलं. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी भांडी लावता लावता एकदम लक्षात आलं — तो फोटो त्यांच्याही मोबाइलमध्ये असणार. त्या संध्याकाळी मोबाइल त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता, मी पाहिला होता. काढून नुसता दाखवायचा होता. प्राध्यापकांना, बाकावरच्यांना, निदान मला तरी. कधीच दाखवला नाही.

गेल्या महिन्यात ते भाजीच्या गाडीवर भेटले. बरोबर पाच-सहा वर्षांची नात होती. मला वळून जायचं होतं, पण तोवर त्यांनी मला पाहिलं होतं. त्यांनी नातीला पुढं केलं आणि माझी ओळख करून दिली. “ह्या मॅडम. शाळेत मराठी शिकवतात.”

तेवढंच. एक शब्द जास्त नाही, एक शब्द खोटा नाही.

पोरीनं वाकून माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत.