आपल्या शिक्क्याची चादर

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि मुकादमबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत मळक्या कपड्यांत होते. मोठ्या इस्पितळाच्या तळघरातली ही लाँड्री. वरच्या मजल्यांवरून चादरी, अभ्रे, पेशंटचे सदरे पत्र्याच्या पन्हळीतून खाली येऊन पडतात, आणि ते निवडायचं काम मुकादमबाई दुसऱ्या कोणावर सोडत नाहीत. रक्ताचं वेगळं, औषधाच्या डागांचं वेगळं, नुसतं मळलेलं वेगळं. चादरीच्या घडीत सुई असू शकते, कवळीही असू शकते. एका आजोबांची कवळी एकदा अशीच धुऊन, उकळून, निर्जंतुक होऊन वर गेली होती. "तोंडात असताना एवढी स्वच्छ कधी नव्हती," असा निरोप आजींनी खाली पाठवला होता.

आज ढिगाशेजारी एक वेगळं गाठोडं होतं. इस्पितळाच्या रुग्णवाहिकेतून परगावी गेलेली एक चादर तिकडच्या इस्पितळाने परत पाठवली होती. तिच्यावर वंगण होतं, बुरशी होती आणि आणखी कशाकशाचे डाग होते. गाठोडं सोडताच शेजारच्या बाईने नाकाला पदर लावला. या बाईला लाँड्रीत सगळे 'बिनतारी' म्हणतात, कारण तिच्या कानावर पडलेली गोष्ट गच्चीपर्यंत पोचायला तारेची गरज लागत नाही.

"शी! ही इथे कशाला पाठवली? तिथेच जाळून टाकायची ना."

"कोपरा बघ," मुकादमबाई म्हणाल्या.

कोपऱ्यात इस्पितळाचा काळा शिक्का होता. अर्धा पुसलेला, तरी ओळखू येणारा.

"शिक्का आपला आहे. आत घे."

लाँड्रीतला हा नियम कुठे लिहिलेला नाही. जुन्या मुकादमाने तो बाईंना सांगितला आणि त्यांनी पुढे चालवला. आपल्या शिक्क्याची चादर कुठूनही, कशीही आली तरी नाकारायची नाही. धुऊन बघायची. नाहीच निघाली तर कंडम म्हणायची, पण ते आपण म्हणायचं आणि फाडायचीही आपणच. आपली घाण दुसऱ्याच्या दारात ठेवायची नाही.

बिनतारीने चादर चिमटीत धरून मशीनमध्ये टाकली. मग, मशीन सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली, "आणि तुमचा भाऊ? त्याच्यावरही आपला शिक्का आहे वाटतं?"

इस्त्रीवाल्यांचे हात थांबले.

"आहे," मुकादमबाई म्हणाल्या. "आज अकरा वाजता तेच सांगायला कोर्टात चालले आहे. मशीन लाव."

हा भाऊ त्यांच्यापेक्षा पुष्कळ धाकटा. आईवडील लवकर गेले, बाईंचा नवराही गेला, मूल नव्हतं. भावालाच त्यांनी मुलासारखं वाढवलं. परदेशात नोकरी लागली म्हणून तो एका बुधवारी निघाला. पुढे त्याचा पहिला फोटो आला त्यात त्याच्या हातात बंदूक होती आणि मागे एका सशस्त्र संघटनेचा झेंडा होता. तिकडची गावंच्या गावं त्या संघटनेने ओस पाडली होती. आता संघटना मोडली आहे आणि हा तिकडच्या तुरुंगात आहे. तो देश म्हणतो, ज्याने त्याने आपली माणसं घेऊन जावीत. इथलं सरकार म्हणतं, गेले ते गेले, आमचे नाहीत. ते प्रकरण कोर्टात आहे आणि निकालाआधी कोर्टाला घरच्यांचं म्हणणं ऐकायचं आहे. घरचं म्हणजे मुकादमबाई. दुसरं कोणी नाही. एक मामा आहेत, त्यांनी सल्ला दिला होता, "त्याच्या नावाने आंघोळ कर आणि मोकळी हो." बाई म्हणाल्या होत्या, "आंघोळ मी रोज करते, मामा. मोकळी काही होत नाही."

पोलीस मात्र फोटोच्या आधीच, भाऊ गेल्यानंतरच्या शुक्रवारी आले होते; त्याच्यावर त्यांची आधीपासून नजर होती. त्यांना त्याचे कपडे, अंथरूण, उशी हवी होती. बाईंनी घडी घातलेली, कडक इस्त्रीची चळत पुढे ठेवली. साहेबांनी उशीचा वास घेतला. साबणाचा होता.

"धुतलंत? सगळं?"

बाईंनी मान हलवली तेव्हा त्यांना यात काय चुकलं तेच कळलं नव्हतं. सगळं आयुष्य धुण्यात गेलेल्या बाईने एक खोली धुऊन काढली होती, इतकंच. पण त्या चळतीपायी त्यांना पुढे कितीतरी वेळा चौकीच्या बाकावर बसावं लागलं. गल्लीत बोलवा झाली की बहिणीने पुरावा धुऊन काढला. शेजारीण सांगायला आली, "तुम्ही आपलं धुणं मागच्या बाजूला वाळत घाला. लोक उगाच बोलतात." त्या दिवसापासून बाई सगळं धुणं रस्त्याकडच्या गॅलरीत वाळत घालतात. मागच्या बाजूची दोरी त्यांनी सोडून टाकली आहे.

गल्लीचं त्या मनावर घेत नाहीत. लाँड्रीतल्या एका माणसाचं मात्र घ्यावं लागतं. ते म्हणजे रोलरकाका. धुतलेल्या चादरी ज्या तापलेल्या रोलरमधून काढतात, तो रोलर ते चालवतात. रोलरमधून निघालेली मोठी चादर एकट्याने घडी होत नाही. दोघांनी टोकं धरायची, ताणायची, एकमेकांकडे चालत जायचं. बाई आणि काका वर्षानुवर्षं समोरासमोर चालत आले आहेत. काकांचा मुलगा तिकडे औषधं आणि धान्य नेणाऱ्या मदतीच्या गाड्या चालवायचा. एक दिवस त्या गाड्या अडवल्या गेल्या. शवपेटी आली, ती उघडायला परवानगी नव्हती. अडवणारे त्याच संघटनेचे होते.

तेव्हाही काका घडी घालायचे थांबले नाहीत. "तुम्ही पाठवलं नव्हतंत भावाला," एवढंच म्हणाले होते. पण बाई कोर्टात जाणार, भावाला परत मागणार, हे बिनतारीने सोमवारी जाहीर केलं आणि काकांनी चादरीचं टोक सोडलं. तेव्हापासून बाई भिंतीतल्या खुंटीला एक टोक अडकवून एकट्याच घडी घालतात. बाकीच्यांपैकी कोणी पुढे आलं नाही. काकांच्या डोळ्यांदेखत कोण येणार?

कोर्टाच्या पायऱ्यांवर वकीलबाई वाट बघत होत्या. त्यांनी पुन्हा पढवायला सुरुवात केली. "त्याला फसवून नेलं, तो भोळा होता, हे आलंच पाहिजे. त्याशिवाय सरकारला पाझर फुटणार नाही."

"तो भोळा नव्हता," बाई म्हणाल्या.

हे त्यांनी भावालाही सांगितलं होतं. गेल्याच आठवड्यात वकीलबाईंच्या कचेरीतून त्याच्याशी फोनवर बोलणं झालं होतं.

"ताई, कशी आहेस?"

"उभी आहे. बोल."

"तू फक्त सांग, मला काही कळत नव्हतं. मला फसवलं."

"तुला कळत नव्हतं? दुधात पाणी असलं तर तू एका घोटात ओळखायचास. पहिलीत होतास तेव्हा."

"ताई, इथे माणसं मरतात गं."

"तू गेलास तेव्हाही मरत होती. मारणाऱ्यांतच गेलास ना?"

मग आवाज आला, "म्हणजे मला इथेच ठेवणार?"

"आणणार. पण निष्पाप म्हणून नाही आणणार. गुन्हेगार म्हणून आणणार. चालत असेल तर सांग, नाहीतर दुसरी बहीण शोध."

तो "चालेल" म्हणाला. मग बाईंनी विचारलं, मदतीच्या गाड्या अडवल्या तेव्हा तू कुठे होतास?

"मी त्यात नव्हतो, ताई."

"मला नको सांगूस. ज्याला सांगायचं तो इथे आमच्या लाँड्रीत रोलरवर उभा असतो."

साक्षीच्या पिंजऱ्यात बाई चढल्या तेव्हा सरकारी वकिलांनी आधी धुण्याचाच विषय काढला. माणूस तरुण होता, अदबीचा होता.

"भाऊ गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही त्याचे कपडे, अंथरूण, सगळं उकळत्या पाण्यात धुतलंत. का?"

"गुरुवार होता."

मागे कोणी तरी हसलं.

"गुरुवारी माझी सुट्टी. घरचं धुणं गुरुवारी."

"अंथरूणसुद्धा?"

"घरातलं कोणी परगावी गेलं की मी त्याचं अंथरूण धुते. आल्यावर स्वच्छ मिळावं म्हणून."

"पोलिसांना त्यात काहीच सापडलं नाही."

"माझ्या धुण्यात सापडत नाही."

आता न्यायाधीशही किंचित हसले. सरकारी वकील हसले नाहीत. त्यांनी चष्मा नीट केला आणि खरा प्रश्न विचारला. "समजा तो आला. शिक्षा भोगली, सुटला. आणि पुन्हा त्याच वाटेला गेला, तर? हमी कोण घेणार? तुम्ही?"

वकीलबाईंनी बसल्या जागेवरून मान हलवली: हो म्हणा.

ज्याला मुकादमबाईंनी वाढवलं होतं तो त्यांच्या हातचा डबा घेऊन, पाया पडून निघाला होता आणि त्याच्या मनात काय आहे याचा त्यांना पत्ता लागला नव्हता.

"कोणीच नाही," त्या म्हणाल्या. "मीही नाही."

"मग बाई, त्याला आणायचं तरी कशाला?" हे न्यायाधीशांनी विचारलं.

"तो इथला आहे म्हणून, साहेब. इथे जन्मला, इथे शिकला, इथून गेला. तिकडच्या लोकांनी त्याला आवतण दिलं नव्हतं. ज्यांच्या घरांवर तो चालून गेला, त्यांनीच आता त्याला जेवू घालायचं? त्यांनीच पहारा करायचा? जन्मठेप द्या. मी एका शब्दाने काही म्हणणार नाही. पण इथे द्या, आमच्या डोळ्यांसमोर द्या. तिकडे एक दिवस कोणी तरी कुलूप उघडेल, आणि तो कुठे गेला ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही."

सरकारी वकिलांनी यातलं एकच वाक्य पुन्हा वाचून नोंदवून घेतलं: साक्षीदार हमी देत नाही. त्यांचं काम झालं होतं. न्यायाधीशांनी पुढच्या महिन्याची तारीख दिली.

बाहेर आल्यावर वकीलबाई चिडून म्हणाल्या, "स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतलात."

"पाय माझाच आहे ना," बाई म्हणाल्या आणि बस पकडायला निघाल्या.

दुपारी त्या तळघरात उतरल्या तेव्हा बिनतारीकडे सगळी बातमी आधीच पोचली होती. तिची कोणी नणंद की भावजय कोर्टात झाडलोट करते. एरवी बातमी हातात असली की बिनतारीला धीर निघत नाही. आज तिने सकाळची परगावची चादर तेवढी पुढे केली. दोनदा धुऊनही मधला डाग तसाच होता, फक्त काळ्याचा तपकिरी झाला होता.

"आणखी एकदा टाकू?" तिने विचारलं.

बाईंनी चादर दिव्याखाली धरली. डागाखालचा कपडा बोटाने चाचपला. तो कुजला होता.

"नको. कंडम."

तेवढ्यात रोलरचा घरघराट बंद झाला. पाळी संपायच्या आत रोलर बंद झालेला तळघरात कोणी ऐकला नव्हता. काका हात पुसत आले आणि त्यांनी चादरीचं दुसरं टोक धरलं.

"हमी दिली नाहीत म्हणे."

"खोटी कशी देऊ?"

"द्यायची होतीत. मग मला तुमचा राग तरी धड करता आला असता."

दोघांनी चादर ताणली. बाईंनी डागाच्या कडेला कात्रीची खूण केली, मग दोघांनी आपापल्या बाजूला ओढलं. कपडा टर्रकन फाटत गेला. डागाची बाजू बाईंनी जाळायच्या पिंपात टाकली, चांगल्या बाजूची फडकी करायला बिनतारीकडे दिली.

"पुढच्या तारखेला मी येणार आहे," काका म्हणाले. "तुमच्या बाजूने नाही."

"माहीत आहे."

"त्या गाड्या कोणी अडवल्या ते मला विचारायचंय. तो तिकडेच मेला तर कोणाला विचारू?"

"म्हणूनच म्हणते ना मी..."

"तुम्ही काही म्हणू नका. तो तिथेच कुजावा असं मला अजून वाटतं. सकाळी वाटतं. दुपारी वाटत नाही. संध्याकाळी परत वाटतं."

"आत्ता दुपार आहे," बाई म्हणाल्या.

"म्हणून तर आलो."

काकांनी रोलर पुन्हा सुरू केला. तापायला थोडा वेळ गेला. पहिली चादर निघाली तेव्हा बाईंनी खुंटीकडे न जाता एक टोक हातात धरलं आणि उभ्या राहिल्या. काकांनी दुसरं टोक उचललं. ते जरुरीपेक्षा जोरात ओढत होते. बाईंनीही तेवढ्याच जोराने धरलं. पाळी सुटेपर्यंत ढीग संपला.

उद्या गुरुवार. पन्हळीशी सहा वाजता बिनतारी उभी असेल, कारण मुकादमबाईंची सुट्टी आहे. सकाळी साडेसातच्या आत त्यांचं धुणं रस्त्याकडच्या गॅलरीत वाळत पडलेलं असेल: दोन साड्या, एक टॉवेल, आणि दर गुरुवारी असतं तसं, कोणीही न वापरलेलं एका माणसाचं अंथरूण.